हिट व्यायाम कसा सुरू करावा: साताऱ्याच्या चढावर रोज चालणाऱ्यांसाठी

पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने वर जाणारे, यवतेश्वर घाटाच्या पहिल्या काही वळणांपर्यंत फिरून येणारे किंवा शाहू क्रीडा संकुलात फेऱ्या मारणारे सातारकर थोडेथोडके नाहीत. त्यांतील बहुतेकजण वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने, त्याच वेगाने आणि तेवढाच वेळ चालतात. त्याचा लाभ होतो यात शंका नाही. मात्र शरीराला रोज जेवढे काम सांगावे तेवढ्यापुरतीच ते तयारी ठेवते, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांनंतर दमसास वाढणे जवळजवळ थांबते. अशा वेळी अंतर वाढवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाला तो पाळणे कठीण असते. अंतर आणि वेळ साधारण तेवढाच ठेवून, थोडा काळ जोरात व थोडा काळ संथ अशा आलटून-पालटून केलेल्या व्यायामाचा, म्हणजेच हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंगचा, विचार त्यांनी करावा. जिममध्ये यालाच ‘हिट’ म्हणतात.

ही पद्धत नवी नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तीनही शर्यती जिंकल्या. झाटोपेकच्या सरावाचा गाभा होता ४०० मीटर वेगाने पळणे, मध्ये थोडे अंतर संथ पळणे आणि हे कितीतरी वेळा पुन्हा करणे. पुढे शास्त्रज्ञांनी या पद्धतीचे मोजमाप केले. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी तरुणांचे गट करून त्यांना ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा पळवले. सर्व गटांचे एकूण काम सारखेच राहील अशी आखणी होती. जोरात पळून मध्ये सावकाश पळणाऱ्या गटांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली; एकाच मध्यम वेगाने पळणाऱ्यांची फारशी वाढली नाही. जोराच्या कामात हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त बाहेर फेकले जाते आणि काही आठवड्यांत ही क्षमता टिकाऊ होते, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती अशा आठ फेऱ्यांचा ‘तबाता’ हा प्रकार मोबाइलवरील व्हिडिओंमुळे घराघरांत पोहोचला आहे. जपानच्या इझुमी तबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यामागील प्रयोग तंदुरुस्त तरुणांवर, एका जागी बसवलेल्या सायकलवर आणि शेवटी पाय चालेनासे होतील इतक्या जोराने केलेला होता. दहा सेकंदांत चाळिशीतल्या माणसाचा श्वास जाग्यावर येत नाही. नवशिक्याने या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: आधी तपासणी, मग पाया

ज्यांना पूर्वी हृदयविकार झालेला आहे, चालताना छातीत दडपण येते, चक्कर येते, रक्तदाब ताब्यात नाही, मधुमेह आहे किंवा ज्यांच्या आई-वडिलांना अथवा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या व्यायामाला हात घालू नये. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात आढळतो; त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या आणि आजवर बैठे काम केलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घेतलेली बरी. गर्भवती स्त्रियांनी आणि गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनीही स्वतंत्र सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

तपासणीनंतरही लगेच जोर करायचा नाही. जे रोज चालत नाहीत त्यांनी आठवड्यातून पाच दिवस, दररोज अर्धा तास भरभर चालणे असा क्रम चार ते सहा आठवडे ठेवावा. हृदय तुलनेने लवकर सरावते. गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध आणि पोटरीखालचा मोठा कंडरा सरावायला मात्र अधिक वेळ घेतात, आणि घाई करणाऱ्याची दुखापत बहुधा तेथेच होते. नेहमी गड चढणाऱ्यांचा हा पाया आधीच झालेला असतो.

दुसरी पायरी: जोर मोजायला शिकणे

सर्वांत सोपे माप बोलण्याचे आहे. सोबतच्या माणसाशी सलग गप्पा मारता येत असतील तर वेग संथ आहे. वाक्य पूर्ण करता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर तो मध्यम आहे. आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोराचा आहे. हिट व्यायामात जोराचा भाग तिसऱ्या प्रकारात आणि विश्रांतीचा भाग पहिल्या प्रकारात मोडला पाहिजे. शून्य ते दहा अशा मापावर सांगायचे तर जोराच्या वेळी सात ते आठ आणि विश्रांतीत तीन. दहा कधीच नाही.

नाडीचे आकडे हवे असतील तर २२० मधून वय वजा करावे. ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी हा आकडा १७५ येतो आणि त्याच्या ८५ ते ९५ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १४९ ते १६६ ठोके, हा जोराच्या भागाचा पट्टा ठरतो. हे सूत्र ढोबळ आहे. दोन निरोगी समवयस्कांच्या कमाल नाडीत वीस ठोक्यांचाही फरक असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी तर औषधामुळेच फारशी वाढत नाही, तेव्हा त्यांनी आकड्यांमागे न लागता बोलण्याचे मापच वापरावे. मनगटावरच्या घड्याळाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जोर सुरू केल्यानंतर नाडी वर यायला वेळ लागतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या जोरात घड्याळ कमीच आकडा दाखवते. तो पाहून वेग आणखी वाढवणे चुकीचे आहे.

तिसरी पायरी: जागा

सपाटीवर पळण्यापेक्षा चढावर भराभर चालणे नवशिक्याला अधिक मानवते. चढावर वेग कमी असूनही हृदयाला पुरेसे काम पडते आणि प्रत्येक पावलाचा आदळ कमी राहतो. या बाबतीत साताऱ्याचे भाग्य थोर आहे, कारण घरापासून जवळच चढ सापडतो. चढ एकसारखा आणि बेताचा असावा. खडी, निसटते दगड किंवा पायऱ्यांची पडझड असलेली वाट टाळावी. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता गेलेला असल्याने तेथील डांबरी चढ सोयीचा पडतो. यवतेश्वर घाटात मात्र वाहनांचे भान ठेवावे, विशेषतः कासच्या फुलांच्या हंगामात शनिवारी-रविवारी. त्या दिवसांत घाट सोडून मैदान गाठावे. उतरताना कधीही पळू नये. मांड्यांवर आणि गुडघ्यांवर खरा ताण उतारावर येतो, आणि व्यायामानंतरची दोन-दोन दिवसांची अंगदुखी बहुधा त्यातूनच उद्भवते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष व्यायाम

प्रत्येक वेळी सुरुवातीची दहा मिनिटे संथ चालीने सुरू करून हळूहळू वेग वाढवण्यात घालवावीत. थंडीच्या दिवसांत बारा-पंधरा मिनिटे द्यावीत. पहिले दोन आठवडे अर्धा मिनिट जोरात चढणे आणि दीड मिनिट संथ चालणे, अशा सहा फेऱ्या कराव्यात. हे फारच थोडे वाटेल, आणि तसे वाटणे हेच योग्य प्रमाणाचे लक्षण आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जोर एक मिनिटाचा आणि विश्रांती दोन मिनिटांची करावी, फेऱ्या सहाच ठेवाव्यात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन मिनिटे जोर आणि दोन मिनिटे विश्रांती अशा पाच फेऱ्या होतात. सातव्या आठवड्यापासून वर उल्लेखिलेल्या नॉर्वेच्या अभ्यासातील प्रकार हाती घेता येतो: चार मिनिटे जोर, तीन मिनिटे संथ, आणि असे चार वेळा. सुरुवातीची दहा आणि शेवटची पाच मिनिटे धरून त्याला चाळीस मिनिटे लागतात. एखाद्या टप्प्यावर दम पुरत नसेल तर पुढे न जाता तोच टप्पा आणखी आठवडाभर चालवावा.

या सर्वांत बहुतेकांचे बिघडते ते विश्रांतीच्या भागात. जोराचा भाग संपताच माणूस एकतर दगडावर बसतो, नाहीतर सवयीने भरभर चालत राहतो. दोन्ही अयोग्य. पोटऱ्यांच्या स्नायूंच्या हालचालीने पायांतील रक्त हृदयाकडे परत ढकलले जाते. एकाएकी थांबल्यास ते पायांत साचते आणि चक्कर येते. उलट विश्रांतीत वेग न उतरवल्यास पुढच्या फेरीसाठी शक्ती उरत नाही, जोराचा भाग मध्यम होतो आणि पुन्हा जुनेच एकसुरी चालणे सुरू होते. म्हणून संथ म्हणजे खरोखर संथ, सोबत्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करता येतील असे चालावे. पहिल्या फेरीत रस्त्याकडेच्या ज्या झाडापर्यंत किंवा खांबापर्यंत पोहोचलात, शेवटच्या फेरीतही जवळपास तेथपर्यंत पोहोचता आले तर वेग बरोबर होता असे समजावे. पहिल्या दोन फेऱ्यांतच सारा जोर संपवणाऱ्याला हे साधत नाही.

हा व्यायाम आठवड्यातून दोनदा, दोहोंमध्ये किमान एक दिवस सोडून करावा. दोन-तीन महिन्यांनंतर तिसरा दिवस वाढवता येतो. त्यापुढे जाण्याचे सामान्य माणसाला कारण नाही. उरलेल्या दिवशी नेहमीचे चालणे सुरू ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटे किंवा जोराचा व्यायाम ७५ ते १५० मिनिटे करावा, किंवा दोहोंची सांगड घालावी; वरील आखणी त्यात सहज बसते.

पावसाळ्यात काय करावे

जून ते सप्टेंबर या काळात चढाचे रस्ते निसरडे होतात. तेव्हा घरात किंवा तालमीत हाच क्रम चालवता येतो, आणि त्यासाठी परदेशी नावांचे व्यायाम शोधण्याची गरज नाही. बैठका, जोर आणि या दोहोंची सांगड असलेल्या सपाट्या आपल्या पैलवानांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या आहेत. याच जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो व्यायामही येथे उपयोगी पडतो. अर्धा मिनिट सलग सूर्यनमस्कार किंवा बैठका, त्यानंतर एक ते दीड मिनिट खोलीत संथ फिरणे, असा क्रम ठेवावा. श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. कंबर वाकू लागली किंवा गुडघे आत वळू लागले की घड्याळात वेळ उरला असला तरी ती फेरी तेथेच थांबवावी.

बैठकांच्या बाबतीत ईर्ष्या करू नये. सराव नसताना एका दिवशी शेकड्यांनी बैठका मारल्यास मांड्यांच्या स्नायूंचे तंतू मोडून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या असह्य दुखून लघवीचा रंग काळ्या चहासारखा दिसू लागला तर उशीर न करता रुग्णालय गाठावे.

खाणे-पिणे आणि थांबण्याच्या खुणा

पहाटे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा दोन खजूर आणि पेलाभर पाणी घेणे पुरेसे आहे. भरपेट जेवणानंतर मात्र दोन ते तीन तास जाऊ द्यावेत. उपवासाच्या दिवशी, तापात किंवा रात्री झोप न झाल्यास नेहमीचे चालणेच बरे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हे वर येण्यापूर्वीच व्यायाम संपवावा. वजन उतरवण्यासाठी हिट करणाऱ्यांना एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे: व्यायामानंतर शरीर दिवसभर चरबी जाळत राहते, या प्रचारात अतिशयोक्ती फार आहे. तो परिणाम खरा असला तरी लहान असतो, आणि गडावरून उतरताच मिसळीची एक प्लेट घेतली की तो पुसला जातो. दमसास वाढणे हा या व्यायामाचा मुख्य लाभ आहे आणि तेवढ्यासाठीच तो करावा.

छातीत दडपण किंवा कळ, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी वेदना, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अनियमित पडणे, किंवा विश्रांतीतही न ओसरणारी धाप यांपैकी काहीही जाणवल्यास लगेच थांबून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘ॲसिडिटी असेल’ असे म्हणत गडावरून चालत खाली येऊ नये. याच कारणासाठी एकट्याने जाणे टाळावे आणि फोन जवळ ठेवावा. याहून सौम्य खुणाही असतात: सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वाढलेली असणे, झोप बिघडणे, नडगीवर एकाच जागी दुखत राहणे. असे सलग दोन-तीन दिवस दिसले तर त्या आठवड्यात जोराचा व्यायाम वगळावा.

प्रगती वजनकाट्यावर मोजू नये. सुरुवातीलाच एक ठरावीक चढ निवडून, पळत न जाता तो चढायला लागलेला वेळ लिहून ठेवावा. वर पोहोचताच नाडी मोजावी आणि उभ्या-उभ्या संथ पावले टाकत एक मिनिटाने पुन्हा मोजावी. आठ आठवड्यांनंतर त्याच चढावर, त्याच वेळी आणि शक्यतो तशाच हवेत हीच मोजणी करावी. वेळ कमी झालेला असेल, किंवा वेळ तेवढाच असून एका मिनिटात नाडी पूर्वीपेक्षा अधिक उतरत असेल, तर आखणी योग्य आहे. दोन्हींत फरक नसेल तर फेऱ्या वाढवण्याआधी विश्रांतीचा वेग तपासून पाहावा.