नागपुरात सशांची वीण थंडीतच घ्या

ससे पाळायला नवीन असाल तर उन्हाळ्यात जोडी लावूच नका. सशाला घाम येत नाही, अंगातली बरीचशी उष्णता कानांवाटेच बाहेर पडते. तापमान सतत 30 अंशांच्या वर राहिलं की नराची प्रजननक्षमता काही काळ घटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. ऊन सरल्यावरही नर पूर्ववत व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी हाच काळ धरा.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, उलट करू नका. स्वतःच्या जागेत ती नरावर धावून जाते. तारीख लिहून ठेवा. साधारण 31 दिवसांनी ती विते, तेव्हा 28व्या दिवशी कोरडं गवत भरलेलं खोकं आत ठेवा. पोटाचे केस उपटून ती त्यात अंथरू लागली की वेळ जवळ आली समजा.

पिल्लांना ती दिवसातून एखाद-दोनदाच पाजते. जवळ बसत नाही म्हणून घाबरून बाटलीचं दूध देऊ नका. रोज सकाळी पिल्लांची पोटं तेवढी बघा: टम्म गोल असली तर पाजलेलं आहे, सुरकुतलेली असली तर पशुवैद्यकांना दाखवा.