पॅराफिन ब्लॉकमधून ट्यूमरच्या डीएनएचं सिक्वेन्सिंग करताना

फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकात एल८५८आर हा एका अक्षराचा बदल किंवा एक्झॉन १९ या भागातलं डिलीशन (डीएनएचा तुकडा गळणं) सापडलं, तर रुग्णाला ओसिमर्टिनिबसारखी गोळी देता येते. त्यासाठी बायोप्सीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवलेल्या ब्लॉकमधून डीएनए काढून त्याचा क्रम वाचतात, म्हणजे सिक्वेन्सिंग करतात. निकाल किती विश्वासाचा, हे बरंचसं मशीनपर्यंत पोचण्याआधीच ठरलेलं असतं.

तुकडा काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका. द्रव तुकड्याच्या किमान १० पट हवा आणि फिक्सेशन (तुकडा टिकाऊ करणं) ६ ते ७२ तासांच्या आत संपवा. बफर नसलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. हाडाची बायोप्सी असेल तर डीकॅल्सिफिकेशन (कॅल्शियम काढणं) ईडीटीए या रसायनाने करा. तीव्र आम्लात ठेवलेल्या हाडातून कामाचा डीएनए क्वचितच मिळतो.

प्रत्येक ब्लॉकसाठी मायक्रोटोमचं (पातळ काप घेणाऱ्या यंत्राचं) ब्लेड बदला. हवेला उघडे पडलेले वरचे एकदोन काप टाकून द्या आणि मग ५ ते १० मायक्रॉनचे काप घ्या. सोबत एक एच अँड ई (नेहमीच्या रंगांची) स्लाइड करून पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरच्या भागाभोवती खूण करून घ्या आणि तेवढाच भाग खरवडा. ट्यूमरची टक्केवारी क्षेत्रफळावरून ठरवू नका, केंद्रकं मोजा. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसायला बारीक, पण डीएनए प्रत्येकात पूर्ण असतो. केंद्रकांपैकी २० टक्के ट्यूमरची असतील, तर एकाच प्रतीतला बदल साधारण १० टक्के रीड्समध्येच (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) दिसेल. सँगर या जुन्या सिक्वेन्सिंग पद्धतीत तो सहज निसटतो.

झायलीनने मेण काढा, इथेनॉलने धुवा आणि नीट वाळवा. मग प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर, द्रावण स्वच्छ दिसेपर्यंत, गरज पडल्यास रात्रभर ठेवा. त्यानंतर तासभर ९० अंशांवर ठेवलं की फॉर्मॅलिनने घातलेल्या गाठी बऱ्याच सुटतात. जास्त वेळ ठेवलं तर डीएनएच तुटतो. फॉर्मॅलिनमुळे काही सायटोसिनचं युरॅसिल होतं, ते पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) टी म्हणजे थायमिन म्हणून वाचलं जातं आणि सी-चा-टी असे खोटे बदल दिसू लागतात. युडीजी एन्झाइम युरॅसिल काढून टाकतं. मात्र सीपीजी (सी-नंतर लगेच जी) जागेवरचं मिथाइल सायटोसिन थेट थायमिन होतं, आणि ते युडीजीला ओळखू येत नाही. म्हणून युडीजीनंतरही सीपीजीवरचे कमी टक्क्यांचे सी-चा-टी बदल संशयानेच पाहा.

डीएनए क्युबिट या यंत्रावर मोजा. नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही मोजतो, त्यामुळे आकडा फुगतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित हिशेब. मानवी जीनोमची एक प्रत साधारण ३.३ पिकोग्रॅम भरते, म्हणजे १० नॅनोग्रॅममध्ये सुमारे ३,००० प्रती. १ टक्क्याचा बदल असेल तर तो त्यातल्या ३० प्रतींमध्ये असणार. जुन्या ब्लॉकमधल्या तुटक्या डीएनएपैकी ३०० च प्रती लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या डीएनएत) उतरल्या, तर उरतात ३. मग डेप्थ (एकच जागा किती वेळा वाचली तो आकडा) ५,००० केली तरी त्याच ३ रेणूंच्या झेरॉक्स वाचल्या जातात. रेणूंवर यूएमआय (प्रत्येक रेणूची ओळख सांगणारे छोटे टॅग) लावले असतील तर मूळ रेणू किती होते ते कळतं. शक्य असेल तर ते लावाच.

रीड्स बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रामने रेफरन्स जीनोमशी जुळवा. हायब्रिड कॅप्चर पॅनलमध्ये (हवे ते तुकडे प्रोबने पकडतात) डुप्लिकेट काढायचे, पण अँप्लिकॉन पॅनलमध्ये (हवे ते भाग पीसीआरने वाढवतात) अजिबात नाही. तिथे प्रत्येक रीड प्रायमरपाशीच सुरू होतो, त्यामुळे डुप्लिकेट काढायला गेलात तर जवळपास सगळा डेटा जातो. म्युटेक्ट-२ हा बदल शोधणारा प्रोग्राम वापरत असाल तर रुग्णाच्या रक्ताचा नमुना सोबत द्या, म्हणजे जन्मजात बदल वेगळे निघतात. बेड फाइल (पॅनलमधल्या जागांची यादी) आणि रेफरन्स एकाच बिल्डचे (जीनोमच्या एकाच आवृत्तीचे) आहेत ना, हे तपासा: एल८५८आर जीआरसीएच-३७ मध्ये ७ व्या गुणसूत्रावर ५५,२५९,५१५ ला आहे, तर ३८ मध्ये ५५,१९१,८२२ ला. एक्झॉन १९ ची डिलीशन्स आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डोळ्यांनी पाहा. रीडच्या टोकाशी आलेलं डिलीशन सॉफ्ट-क्लिप होऊन (न जुळलेलं टोक बाजूला टाकलं जाऊन) यादीतून गळू शकतं.

डेप्थ किंवा ट्यूमरचं प्रमाण अपुरं असताना बदल दिसला नाही, तर रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहू नका. ‘नमुना अपुरा’ असं स्पष्ट लिहा, कारण ‘निगेटिव्ह’ या एका शब्दावर रुग्णाची गोळी अडते. पुन्हा बायोप्सी शक्य नसेल तर रक्तातला ट्यूमर डीएनए तपासता येतो. ईडीटीए नळीतल्या रक्तातून प्लाझ्मा काही तासांतच वेगळा करा, नाहीतर फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए त्यात मिसळून ट्यूमरचा अंश पातळ होतो.