गाठीच्या अवघड शस्त्रक्रियेआधी त्रिमितीय प्रतिकृतीची तयारी

मूत्रपिंडाच्या मुख्य रक्तवाहिन्यांना बिलगून वाढलेली गाठ काढायची आणि उरलेले मूत्रपिंड वाचवायचे असेल, तेव्हा त्याच रुग्णाच्या स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरने छापलेली प्रतिकृती आधीच हाताळायला मिळणे फार मोलाचे असते. मात्र स्कॅनमध्ये जे उतरले नाही ते प्रतिकृतीतही उतरत नाही, म्हणून तयारीला स्कॅनपासूनच सुरुवात करावी. सीटी स्कॅनचे छेद, म्हणजे शरीराची एकेक काप दाखवणारी चित्रे, शक्यतो १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घ्यावेत, कारण ५ मिलिमीटरच्या छेदांत बारीक रोहिणी हरवते आणि पृष्ठभागावर पायऱ्या उमटतात. रोहिणी, नीला आणि मूत्रमार्ग वेगवेगळ्या वेळी उजळत असल्याने कॉन्ट्रास्टचे, म्हणजे शिरेतून दिलेल्या आणि स्कॅनमध्ये हे भाग उजळवणाऱ्या द्रव्याचे, तिन्ही टप्पे मागावेत आणि श्वासामुळे त्यांच्यात पडलेला फरक जुळवून घ्यावा. मधल्या काळात केमोथेरपी झाली असेल तर जुन्या स्कॅनवर विसंबू नये.

यानंतरचे काम सर्वांत जास्त वेळ मागते, आणि तो वेळ द्यायलाच हवा. संगणकाने आखलेल्या गाठीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या सीमा रेडिओलॉजिस्ट व शल्यचिकित्सक यांनी शेजारी बसून छेदागणिक तपासाव्यात. स्कॅनमध्ये धूसर दिसणारी कड छापल्यावर गुळगुळीत, ठाम पृष्ठभाग होऊन समोर येते आणि मूळ शंकेचा मागमूस राहत नाही. म्हणून अशा जागा आधीच लिहून ठेवाव्यात आणि शक्य असेल तर प्रतिकृतीवर वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. पृष्ठभाग गुळगुळीत करताना गाठीला रक्त पुरवणारी एखादी बारीक शाखा पुसली गेली नाही ना, हेही पाहावे.

छपाई मूळ मापातच करावी. मूत्रपिंड पारदर्शक, रोहिणी लाल, नीला निळ्या आणि गाठ अपारदर्शक ठेवल्यास आतली खोली नजरेत भरते. डावी-उजवी बाजू आणि रुग्णाचा सांकेतिक क्रमांक प्रतिकृतीवरच असावा, नाव नसावे. हाती आल्यावर गाठीचा व्यास कॅलिपरने मोजून स्कॅनवरील मापाशी ताडावा.

प्रतिकृती निर्जंतुक क्षेत्रात न्यायची असेल तर साहित्य आधीच ठरवावे लागते: पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडते, आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, १२१ ते १३४ अंशांवर चालतो. केवळ पाहण्यापुरती हवी असेल तर निर्जंतुक पारदर्शक पिशवी पुरते. हाडाच्या शस्त्रक्रियेत कुठे कापायचे हे दाखवणारा साचा (कापणी-मार्गदर्शक) छापून हाडाला टेकवायचा असेल तर मात्र शरीराला सुरक्षित आणि निर्जंतुकीकरणात आकार न बदलणारे साहित्यच वापरावे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या बैठकीला भूलतज्ज्ञ आणि परिचारिकाही असाव्यात. कोणती रोहिणी कुठे क्लॅम्प करायची (चिमट्याने तात्पुरती बंद करायची), शस्त्राचा छेद कोणत्या बाजूने घ्यायचा आणि रक्तस्राव आवरला नाही तर संपूर्ण मूत्रपिंड काढण्याचा निर्णय केव्हा घ्यायचा, हे प्रतिकृती फिरवून ठरवावे. स्कॅन पाठीवर झोपवून घेतलेला असतो, शस्त्रक्रिया बहुधा कुशीवर होते आणि मूत्रपिंड जागचे हलते, याची आठवण तिथेच द्यावी. हीच प्रतिकृती संमतीपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाच्या हातात द्यावी, कारण स्वतःची गाठ कुठे आहे हे पाहिल्यावर त्याला नेमके प्रश्न विचारता येतात. शस्त्रक्रियागृहात मूळ स्कॅन पडद्यावर उघडा ठेवावा, आणि दोहोंत तफावत दिसली तर स्कॅनच प्रमाण मानावा.