अलास्कात गाईडसोबत डोंगरी शिकार: या चुका टाळा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला (आणि बरंच झालं), पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या काही मंडळींना अलास्कात डॉल शीप, म्हणजे तो पांढरा डोंगरी मेंढा, मारायला जायचंय, त्यांच्यासाठी हे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पैसे भरले की मेंढा आपलाच असं धरून चालणं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला डॉल शीपसाठी लायसन्सवाला गाईड नाहीतर तिथेच राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतोच, पण गाईड म्हणजे तुमचं सामान वाहणारा माणूस नव्हे, तो “नको” म्हणाला की ट्रिगरवरचं बोट काढायचं, विषय संपला. बहुतेक भागात मेंढ्याच्या शिंगाचा पीळ पूर्ण ३६० अंश हवा, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली, किंवा वय किमान ८ वर्षं, आणि हे वय लांबून स्पॉटिंग स्कोपमधून (तिवईवरच्या ताकदवान दुर्बिणीतून) शिंगावरचे वळ मोजून ठरवायचं. त्यात कधीकधी अख्खी दुपार जाते. घाई करून कमी वयाचा मारलात तर मेंढाही जप्त आणि वर केस, आणि त्यात गाईडचंही लायसन्स अडकतं.

छोट्या विमानातून उतरल्या उतरल्या बंदूक काढू नका. ज्या दिवशी उडालात त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत शिकार बंद, कारण वरून कळप हेरायचा आणि खाली उतरून मारायचा यात जनावराला संधी कुठे राहिली? १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट वगैरेंनी काढलेला बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब ज्याला फेअर चेस म्हणतो, म्हणजे जनावराला निसटायची रास्त संधी देणं, ते हेच.

मेंढे दिसतात पण जवळ गेलं की गायब? वारा बघा. ऊन तापलं की हवा डोंगर चढते, संध्याकाळी उतरते. मेंढ्यांचं लक्ष जास्त खालच्या बाजूला असतं, म्हणून लांबचा वळसा घालून दिवसा वरून यायचं, वास तुमच्याकडे येतो, त्यांच्याकडे जात नाही.

गोळी पाठीवरून जाते? तिरक्या उतारावर नजरेच्या रेषेतलं अंतर तसंच धरलंत, धरायचं असतं आडवं अंतर. ४०० यार्ड आणि ३० अंशाचा उतार असेल तर ३४६ यार्डांचा हिशोब करायचा, अँगल दाखवणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या.

सुती कपडे नकोत, आणि हवा बिघडली की विमान येत नाही म्हणून जेवण जास्तीचं ठेवा. ट्रेडमिलवरची तयारी तिथे फार कामाची नाही, पाठीवर वजन घेऊन उतरायची सवय करा, गुडघे उतारावरच बोलतात. कारण मांस खाली आणायचंय, नुसती शिंगं उचलून निघालात तर तो गुन्हा आहे, मानेचं, फासळ्यांचं सगळं खाण्याजोगं मांस सोबत आलंच पाहिजे.

शिंगं ३० दिवसांच्या आत फिश अँड गेमच्या (अलास्काच्या वन्यजीव खात्याच्या) ऑफिसात नेऊन सील करून, म्हणजे त्यांची अधिकृत खूण लावून घ्या, फोटो टाकायची घाई नंतर करा.