हाय-हॅटचे पेडल आणि उलटे आकडे

माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या मॉड्यूलमधील, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या पेटीतील, आवाज सरावाला पुरेसे असले, तरी ध्वनिमुद्रणात ते फार कोरडे वाटत, म्हणून मॉड्यूल यूएसबी केबलने संगणकाला जोडून सॉफ्टवेअरमधील सॅम्पल, म्हणजे खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज, वाजवायचे मी ठरवले. पहिली अडचण काठी पडणे आणि आवाज ऐकू येणे यांमधल्या विलंबाची होती. ऑडिओ बफर, म्हणजे बाहेर पाठवण्याआधी संगणक जमवून ठेवतो तो आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचे एकेक मोजमाप) होता आणि ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितकी मोजमापे धरता, त्याचेच सुमारे २३ मिलिसेकंद होतात. एएसआयओ हा कमी विलंबाचा ऑडिओ ड्रायव्हर निवडून बफर १२८ वर आणला, तेव्हा हा विलंब ३ मिलिसेकंदांखाली आला आणि हाताला पुन्हा लय सापडली.

खरा वेळ मात्र हाय-हॅटने, म्हणजे पेडलने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीने, खाल्ला. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (मधला खणखणीत ड्रम) अनुक्रमे ३६ आणि ३८ या मिडी नोटांवर, म्हणजे वाद्य संगणकाला पाठवते त्या संदेशांतील क्रमांकांवर, बिनचूक वाजत होते, पण पेडल पूर्ण दाबले तरी झांजा उघड्याच वाजत आणि पाय उचलला की मिटलेल्या झांजांचा आवाज येई, ही गोष्ट वादकाला अक्षरशः हतबल करणारी आहे. शेवटी येणारे संदेश दाखवणारा मिडी मॉनिटर उघडला, काठ्या बाजूला ठेवल्या आणि फक्त पेडल सावकाश दाबत गेलो. कंट्रोलर ४ चा, म्हणजे पेडलची स्थिती सांगणाऱ्या मिडी संदेशाचा, आकडा ० पासून १२७ पर्यंत चढताना दिसला. माझे मॉड्यूल मिटलेल्या झांजांसाठी १२७ पाठवत होते, तर सॉफ्टवेअर त्याच आकड्याचा अर्थ उघड्या झांजा असा घेत होते. सेटिंगमध्ये कंट्रोलर उलटा करण्याचा पर्याय निवडताच अर्धवट मिटलेल्या झांजांची ती खरखरीत सळसळ, जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला होता, हेडफोनमध्ये पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली.