एकदा घडवलेला घटक पुन्हा वापरताना: प्लॅटफॉर्म डिझायनरमधील उपप्रणाली

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथच्या डीआरओसाठी (स्थान अंकांत दाखवणाऱ्या दर्शकासाठी) व्हेरिलॉग या हार्डवेअर-वर्णन भाषेत लिहिलेला स्पंद-मोजक पुढे मिलिंग यंत्रालाही लागतो आणि बेळगावातल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पालाही. अशा वेळी जुन्या प्रकल्पाचे फोल्डर उचलून नव्यात टाकण्याची सवय मला घातक वाटते, कारण थोड्याच दिवसांत एकाच नावाचे चार मोजक तयार होतात आणि दुरुस्ती नेमकी कोणत्या प्रतीत झाली, हे कोणालाच सांगता येत नाही.

क्वार्टस या एफपीजीए (हवे तसे घडवता येणाऱ्या चिपच्या) सॉफ्टवेअरमधील प्लॅटफॉर्म डिझायनर, म्हणजे पूर्वीचे क्यूसिस, हे घटक जोडून प्रणाली बांधणारे साधन घटक ओळखते ते नावाच्या शेवटी ‘_एचडब्ल्यू.टीसीएल’ असलेल्या फाइलवरून. ही फाइल व व्हेरिलॉग फाइल एकाच स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आतील मार्ग सापेक्ष लिहावेत आणि ते फोल्डर आयपी शोधमार्गात, म्हणजे साधन तयार घटक जिथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, जोडावे. प्रकल्पातील ‘आयपी’ नावाचे फोल्डर आपोआप शोधले जाते. मात्र अनेक प्रकल्पांसाठी सामाईक फोल्डरच बरे. घड्याळाची वारंवारता ५० मेगाहर्ट्‌झ अशी कोडमध्ये कोरून ठेवू नये. ती पॅरामीटर करून ‘सिस्टम इन्फो’ या, प्रणालीची माहिती घटकाला देणाऱ्या सोयीमार्फत जोडलेल्या घड्याळावरून घ्यावी, म्हणजे वेगळ्या बोर्डावरही वेगाचे गणित चुकत नाही.

आता उपप्रणाली, म्हणजे अनेक घटक जोडून केलेली आणि स्वतः घटकासारखी वापरता येणारी प्रणाली. मिलिंगच्या तीन अक्षांसाठी तीन मोजक घेतले आणि प्रत्येकात ३२ बिटांची चार रजिस्टरे असली, तर प्रत्येकास १६ बाइट लागतात. हे तिन्ही एका वेगळ्या क्यूसिस फाइलमध्ये ठेवून त्यांचे स्लेव्ह (वाचन-लेखनाच्या आज्ञा स्वीकारणारे जोड) एका अ‍ॅव्हलॉन पाइपलाइन ब्रिजच्या (आज्ञा पुढे पोहोचवणाऱ्या दुव्याच्या) मास्टरला, म्हणजे आज्ञा देणाऱ्या जोडाला, जोडावेत आणि त्यांना षोडशमानात ००, १० व २० हे आधारपत्ते द्यावेत. बाहेर निर्यात करायचे ते फक्त ब्रिजचा स्लेव्ह, घड्याळ, रीसेट आणि एन्कोडरच्या (हालचालीचे स्पंद देणाऱ्या संवेदकाच्या) तारांचे कंड्युइट, म्हणजे थेट बाहेर जाणाऱ्या तारांचा गट. ब्रिज न घेता तिन्ही स्लेव्ह वेगवेगळे निर्यात केले तरी चालते, पण मग वरच्या प्रणालीला आतील मांडणी माहीत असावी लागते आणि उपप्रणाली केल्याचा अर्थच उरत नाही.

ही फाइल शोधमार्गात असली की आयपी कॅटलॉगमध्ये ती घटकासारखीच दिसते. वरच्या प्रणालीत तिला षोडशमानात १००० हा आधारपत्ता दिल्यास तिसरा मोजक १०२० वर येतो. ब्रिजच्या पत्त्याची रुंदी मात्र तपासावी: ४८ बाइटांसाठी सहा बिट लागतात, पाच घेतल्यास तिसऱ्या मोजकापर्यंत पोहोचताच येत नाही. कंड्युइट वरच्या पातळीवर पुन्हा निर्यात करावे लागते. ते राहून गेल्यास तारा पिनांपर्यंत जात नाहीत आणि मोजक शून्यावर थांबलेला पाहून लोक उगाच स्केलला, म्हणजे यंत्रावरील मापपट्टीला, दोष देतात.

घटकाच्या टीसीएल फाइलमध्ये बदल केल्यावर ‘रिफ्रेश सिस्टम’ करून प्रणाली पुन्हा जनरेट करावी. पोर्ट किंवा रजिस्टरांची मांडणी बदलली असेल, तर आवृत्ती क्रमांकही वाढवावा.