खाटेशेजारी बसताना: आजारी आणि वृद्ध कॅथलिकांची भेट

वसईतील धर्मग्रामांत (पॅरिशांत) कित्येक घरांत एखादी आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात आणि चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, त्यांच्यापर्यंत केवळ घंटेच्या आवाजातून पोहोचते. अशांच्या घरी, रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात कम्युनियन (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊन जाण्याची सेवा तुमच्याकडे आली असेल, तर प्रार्थनेचे पुस्तक उघडण्याआधी खुर्ची ओढून शेजारी बसावे, कारण उभ्याउभ्या केलेली विचारपूस आजारी माणसाला लगेच कळते.

निघण्यापूर्वी घरच्यांना किंवा परिचारिकेला विचारून घ्यावे की त्या व्यक्तीला आज भेट हवी आहे का आणि नीट गिळता येते का. गिळण्याचा त्रास असल्यास परिचारिकेच्या होकारानेच पवित्र भाकरीचा अगदी लहान तुकडा द्यावा. तोही चालणार नसेल तर धर्मगुरूंना आधी कळवावे, कारण गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते. ‘आत्ताच गोळी घेतली, आज नको’ असे म्हणणाऱ्या आजींना सांगावे की कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना बंधनकारक नाही. खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नये.

तैलाभ्यंगाविषयी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून दिल्या जाणाऱ्या संस्काराविषयी, मात्र घरच्यांशी वेळेवर आणि स्पष्ट बोलावे लागते. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता सारे संपले, ही भीती इतकी खोल आहे की माणूस बेशुद्ध होईपर्यंत कुटुंब त्यांना बोलावत नाही, आणि त्या संस्काराचा आधार ज्याला मिळायचा त्याला तो जाणवतही नाही, याचे मला फार वाईट वाटते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातील माणसांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये त्याचा विधी नव्याने ठरवून दिला आणि त्यानुसार कपाळाला व हातांना तेल लावले जाते. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने शक्ती खचल्यावर तो घेता येतो, आणि प्रकृती पुन्हा बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. हा संस्कार धर्मगुरूच देऊ शकतात. आपले काम त्यांना वेळेवर बोलावण्याचे आहे. मरणासन्न व्यक्तीसाठी खरी शिदोरी आहे ती अखेरच्या प्रवासासाठी दिलेल्या कम्युनियनची.

स्मृती हरवलेल्यांपाशी वेगळी रीत लागते. एका आजींना स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नव्हते, पण चादरीच्या काठावरून त्यांची बोटे जपमाळेच्या मण्यांवरून फिरावीत तशी सरकत होती. मी ‘नमो मरिया’ ही प्रार्थना हळू आवाजात सुरू करून अर्ध्यावर थांबलो, तेव्हा पुढचा अर्धा भाग त्यांनी एकही शब्द न चुकता पूर्ण केला. म्हणून लहानपणी घरात कोणत्या प्रार्थना आणि कोणत्या बोलीत म्हटल्या जात, हे नातलगांना विचारावे आणि त्याच शब्दांत सुरुवात करून मध्ये जागा सोडावी. नवे भाषांतर कितीही शुद्ध असले तरी ते इथे उपयोगी पडत नाही.

शेजारच्या खाटेवरील रुग्ण दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याची आपुलकीने चौकशी करावी. त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना म्हणू नये. आजाराचा तपशील प्रार्थनेच्या विनंतीतूनही व्हॉट्सॲपवर टाकू नये. उठताना पुन्हा कधी येणार तो दिवस सांगावा, आणि नक्की जमणार असेल तोच दिवस सांगावा, कारण पुढचा आठवडाभर कोणीतरी दाराकडे पाहत असते.